पोलादातले ओझे : नवी मुंबईच्या शटरमागचा इतिहास

१/
तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पहाटे दोन प्रकारची ओझी हलताना दिसतात. ट्रकमधून उतरणाऱ्या पोत्याखाली माथाडी कामगार वाकलेला असतो. त्या पोत्याचे वजन त्याच्या मानेवर आणि गुडघ्यांवर वाचता येते. शेजारच्या गाळ्याचे शटर मात्र एकटा माणूस दोन हातांनी वर ढकलतो आणि तो लोखंडी पडदा खडखडत गुंडाळला जातो. पडद्याचे वजन पोत्याहून जास्त असते, तरी ते कोणाच्या अंगावर दिसत नाही. ते जाते कुठे? या धाग्याचा विषय हाच प्रश्न आहे.

२/
अमेरिकेत या विषयाला ‘गॅरेजचे दार’ म्हणतात. नवी मुंबईतल्या बहुतेक मोटारी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत किंवा रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, त्यामुळे ते दार येथे फारसे आढळत नाही. त्याचे भावंड मात्र प्रत्येक सेक्टरमध्ये आहे : दुकानाचे, गोदामाचे, वर्कशॉपचे शटर. दोहोंच्या माथ्यावर एकच वस्तू काम करते. ती म्हणजे पीळ देऊन ठेवलेली पोलादी स्प्रिंग. तिचा इतिहास म्हणजे जड दार हलवण्याच्या मानवी खटपटीचा इतिहास आहे.

३/
जड दाराचा प्रश्न जुना आहे आणि त्याचे पहिले उत्तर सोपे होते : जड दार शक्यतो हलवायचेच नाही. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहावा. हत्तींची धडक थोपवण्यासाठी त्याच्या फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळे बसवलेले आहेत. असा दरवाजा रोज शंभर वेळा उघडणे परवडणारे नव्हते. म्हणून त्याच्या पोटात दिंडी ठेवली गेली. रोजची ये-जा दिंडीतून होई आणि मोठा दरवाजा प्रसंगालाच हले. त्याचे वजन बिजागरी आणि जमीन पेलत असे. माणसाला ते फक्त ढकलावे लागे, उचलावे लागत नसे.

४/
दुसरे उत्तर बाजारपेठेने शोधले : वजनाचे तुकडे करायचे. जुन्या पेठांतल्या दुकानांना उभ्या लाकडी फळ्या असत. खालच्या-वरच्या खाचेत एकेक फळी सरकवायची, शेवटी आडवी पट्टी टाकून कुलूप लावायचे. लंडनपासून पुण्यापर्यंत ही पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच होती. ओझे वाटले गेल्यामुळे एका पोरालाही दुकान बंद करता येई. तोटा वेळेचा होता. फळ्या उचलणे, ओळीने लावणे, दिवसभर त्या कुठेतरी रचून ठेवणे हे काम सकाळ-संध्याकाळ चुकत नसे.

५/
तिसरे उत्तर विहिरीवर फार पूर्वीच सापडले होते. आडव्या लाकडाच्या एका टोकाला पोहरा आणि दुसऱ्या टोकाला दगड बांधला की भरलेला पोहरा वर काढताना दगड मदतीला येतो. मात्र ही मदत फुकट मिळत नाही. रिकामा पोहरा खाली नेताना माणसाला तो दगड वर उचलावा लागतो. म्हणजे पोहरा खाली नेण्याचे श्रम दगडात साठतात आणि पाणी वर येताना परत मिळतात. शटर खाली ओढणारा दुकानदार आजही नेमके हेच करत असतो.

६/
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १८३० आणि १८४० च्या दशकांत, लंडनच्या दुकानांवर गुंडाळले जाणारे शटर दिसू लागले. शहर वाढत होते, काचेच्या मोठ्या दर्शनी खिडक्या येत होत्या आणि त्यांना रात्री संरक्षण हवे होते. सुरुवातीची काही शटरे दंताळ्या चाकांनी आणि हँडलने चालत. फळ्यांचे काम वाचले, पण हँडल फिरवण्याचे कष्ट राहिले. पुढे स्वतःहून गुंडाळले जाणारे शटर आले, तेव्हा दगडाची जागा स्प्रिंगने घेतली.

७/
दगडच का चालला नाही? कारण शटरचे वजन सतत बदलते. शटर पूर्ण खाली असते तेव्हा सगळा पडदा शाफ्टला लोंबकळत असतो. तो वर जाऊ लागला की एकेक पट्टी शाफ्टवर चढते आणि लोंबणारा भाग कमी होत जातो. अर्ध्यावर अर्धे ओझे, माथ्यावर जवळजवळ शून्य. दगड मात्र सर्वत्र सारखाच ओढतो. खाली पुरेसा ठरणारा दगड वर पोचेपर्यंत अनावर होतो. हवी होती अशी मदत, जी पडद्याच्या वजनाबरोबरच कमी-जास्त होईल.

८/
त्या मदतीचा नियम कितीतरी आधीच लिहिला गेला होता. रायगडावर शिवराज्याभिषेक झाला १६७४ साली. त्यानंतर दोन वर्षांनी, १६७६ मध्ये, लंडनच्या रॉबर्ट हूकने एका पुस्तकात चौदा अक्षरांची एक अर्थहीन ओळ छापली. शोध आपला आहे हे सिद्ध व्हावे आणि तो कोणाला कळूही नये, यासाठी त्या काळचे विद्वान अशी अक्षरांची सरमिसळ वापरत. १६७८ मध्ये त्याने ती उलगडली. मूळ लॅटिन वाक्याचा आशय होता : जेवढा ताण, तेवढे बल.

९/
हूकसमोर घड्याळाची स्प्रिंग होती, दुकानाचे शटर नव्हते. पण नियम दोहोंना लागू पडतो. स्प्रिंगला एक फेरा पीळ दिला तर ती जेवढ्या जोराने उलट फिरू पाहते, त्याच्या दुप्पट जोर दोन फेऱ्यांना आणि चौपट जोर चार फेऱ्यांना येतो. शटर खाली ओढताना शाफ्टवरचे पिंप फिरते आणि आतल्या स्प्रिंगचा पीळ वाढत जातो. म्हणजे पडदा जितका लोंबतो, तितकी स्प्रिंग अधिक जोर लावते. वजनाची घट-वाढ आणि स्प्रिंगची घट-वाढ एकाच चालीने होते. शटरचा सारा डौल या जुळणीत आहे.

१०/
आकड्यांत पाहू. तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच असे साधे पोलादी शटर घेतले तर पडद्याचे वजन सुमारे ९० किलो भरू शकते. गुंडाळीची त्रिज्या दहा सेंटिमीटर धरली तर पूर्ण पडदा साधारण चार फेऱ्यांत वर जातो. शटर खाली असताना त्या चार फेऱ्यांत साठलेली ऊर्जा सुमारे ११०० ज्यूल होते. भाषांतर करायचे तर ५० किलोचे पोते जमिनीवरून सव्वादोन मीटर उंच उचलायला लागेल एवढी. दुकान बंद करणारा रोज रात्री हे पोते माथ्यावर ठेवून घरी जातो.

११/
हिशेब येथे संपत नाही. शटर पूर्ण वर असतानाही स्प्रिंग मोकळी नसते. पडदा शेवटपर्यंत ओढला जावा आणि माथ्यावर टिकावा, म्हणून बसवतानाच तिला काही फेरे आगाऊ दिलेले असतात. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण हट्टी माणसासाठी आहे. शटरच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे. दार उघडे, गाळा शांत, पडदा गुंडाळलेला, आणि वरच्या पत्र्याच्या आवरणाआड पीळ तसाच जागा. बहुतेक अपघातांचे मूळ या न दिसणाऱ्या पिळाकडे झालेल्या दुर्लक्षात असते.

१२/
असा पीळ वर्षानुवर्षे सोसणारी तार बनवणे ही स्वतंत्र कामगिरी होती. १८५४ मध्ये बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉलने पोलादी तार विशिष्ट रीतीने तापवून आणि थंड करून, मग ओढून बारीक करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. या तारेचे बळ असे होते की १८६६ च्या अटलांटिक तारायंत्राच्या केबलला तिचेच कवच लाभले. पियानो, खाणीतले दोर आणि स्प्रिंग यांना एकच गोष्ट हवी होती : प्रचंड ताण सोसून पुन्हा मूळ आकारावर येणारी तार.

१३/
या तारेचे एक वैशिष्ट्य कारागिराच्या जिवाशी निगडित आहे. स्प्रिंगची ताठरता तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलते. तार फक्त एक दशांशाने जाड घेतली तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के अधिक ताठ होते. डोळ्यांना दोन तारा सारख्या दिसतील. हाताला बसणारा झटका मात्र दीडपट असेल. म्हणून तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी ‘साधारण तशीच’ स्प्रिंग चालत नाही. तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, लांबी आणि पिळाची दिशा ही चारही मापे जुळावी लागतात.

१४/
तार कितीही उत्तम असली तरी अमर नसते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस कमी भारातही अचानक तुटू लागले, तेव्हा प्रशियाच्या रेल्वेत काम करणाऱ्या आउगुस्ट वोलरने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की एकदा सहज सोसलेला भार हजारो वेळा आला तर धातू थकतो. गॅरेजच्या दाराच्या साध्या स्प्रिंगचे आयुष्य म्हणूनच वर्षांत सांगत नाहीत. ते सहसा दहा हजार उघडझापींचे धरतात. दुपारी तासभर बंद राहणाऱ्या दुकानात दिवसाला दोन उघडझापी झाल्या तर हा आकडा चौदाएक वर्षांत गाठला जातो.

१५/
ठाण्याच्या खाडीकाठी हा हिशेब आणखी कडक होतो. दमट, खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तारेवर गंजाचे बारीक खड्डे पाडतात. थकवा नेमका तेथून चीर सुरू करतो. गंजाने वेटोळी एकमेकांवर घासतात आणि शटर जड वाटू लागते. मग दुकानदार जोर वाढवतो, शटरला हिसके बसतात आणि तुटण्याची घडी जवळ येते. पावसाळ्याआधी तेल-ग्रीस करण्याची शटरवाल्यांची रीत या अनुभवातून आलेली आहे.

१६/
मुंबईच्या इतिहासात स्प्रिंगवर अविश्वास दाखवणारा एक उद्योजक होऊन गेला. १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढणाऱ्या आर्देशिर गोदरेज यांनी १९०९ मध्ये स्प्रिंग नसलेल्या कुलपाचे पेटंट घेतले. कुलपात स्प्रिंग हा निकामी होणारा भाग. तो काढून टाकला की कुलूप टिकाऊ होते, हा विचार साधा आणि अचूक होता. शटरला मात्र ही मुभा नाही. कुलपातली स्प्रिंग फक्त एक छोटा खटका हलवते. शटरची स्प्रिंग काढली तर नव्वद किलो सरळ माणसाच्या हातात येतात.

१७/
याच सुमारास अमेरिकेत मोटारी घरोघरी पोचू लागल्या. तबेल्यासारख्या बाहेर उघडणाऱ्या दोन पल्ल्यांपुढे बर्फ साचला की दार अडकत असे. १९२१ मध्ये सी. जी. जॉन्सन यांनी आडव्या पट्ट्यांचे, रुळांवरून छताखाली सरकणारे दार तयार केले आणि १९२६ मध्ये ते विजेवर उघडणारे यंत्रही आणले. पुढे दाराच्या माथ्यावर आडव्या दांड्यावर पिळाची स्प्रिंग बसवण्याची पद्धत रूढ झाली. शटर आणि गॅरेजचे दार यांची घडण निराळी. वजन तोलण्याची युक्ती तीच.

१८/
आता नवी मुंबई. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-रायगड पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरवर, नवे शहर आखले गेले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या कल्पनेचा गाभा होता : मुंबईचा भार खाडीपलीकडे वाटून घ्यावा. शहराच्या पातळीवरही हा तोल साधण्याचाच प्रयोग होता. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला आणि वसाहती उभ्या राहू लागल्या.

१९/
आखीव शहरात दुकानेही आखीव असतात. सेक्टरच्या इमारतीत तळमजल्यावर गाळ्यांची रांग, वर घरे. फळ्यांच्या पेठेतला प्रत्येक दुकानदर्शनी भाग वेगळा असे. येथे सारख्या मापाचा चौकोन आणि त्यावर गुंडाळलेले शटर. ‘गाळा’ या जुन्या शब्दाला ‘शटर’ असा जोडीदार मिळाला आणि शब्दांचे अर्थही सरकले. ‘शटर पाडले’ म्हणजे धंदा बंद झाला. ‘अर्धे शटर’ म्हणजे दुकान बंदही आणि चालूही. वस्तू भाषेत शिरली की ती समाजाने स्वीकारली असे इतिहासकार मानतात.

२०/
सर्वांत मोठा बदल घाऊक बाजाराने घडवला. कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये मुंबईतून येथे आला आणि १९९६ पर्यंत धान्य, मसाले, भाजीपाला, फळे असे बाजार टप्प्याटप्प्याने आले. दाणाबंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट यांच्या दाटीतून सुटलेला माल आता एकसारख्या गाळ्यांत उतरू लागला. प्रत्येक गाळ्याला शटर आणि प्रत्येक शटरच्या माथ्यावर अनेक स्प्रिंगा. बाजार एकाच शहरात एकवटला तसा साठवलेला पीळही एकवटला.

२१/
सरकारी बांधकामाच्या दरसूचीत या सगळ्याचे एक वाक्य होते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या शटरविषयक नोंदीत ८० मिलिमीटर रुंदीच्या पोलादी पट्ट्या, २७.५ सेंटिमीटर लांबीच्या स्प्रिंगा, त्यांच्या तारेसाठी भारतीय मानक ४४५४, वरचे आवरण, बाजूच्या खाचा, आतून-बाहेरून कुलपाची सोय, असा तपशील ओळीने येतो. वस्तूचे वर्णन चोख आहे. माणसाचे काम मात्र आरंभीच्या दोन शब्दांत आटोपते : पुरवणे आणि बसवणे. या ‘बसवणे’ शब्दाच्या आत काय आहे, ते आता पाहू.

२२/
पाखे, म्हणजे दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट, भिंतीत पक्के बसवले जातात. त्यांच्यावर आतला पाइप टेकतो. तो काम करताना फिरत नाही. त्याच्याभोवती फिरते ती चक्र्यांची चौकट, जिला पडदा जोडलेला असतो. प्रत्येक स्प्रिंगचे एक टोक स्थिर पाइपला आणि दुसरे फिरत्या चक्रीला. बसवण्याच्या एका रूढ पद्धतीत पडदा शाफ्टवर गुंडाळून दोराने घट्ट बांधतात, तो भारा वर चढवतात, मग पाइपला पाइप-पान्ह्याने फेरे देतात आणि क्लँप आवळतात. दोर सोडायचा तो सर्वांत शेवटी.

२३/
या क्रमात सर्वांत धोक्याची वेळ पान्हा बदलण्याची असते. एका पकडीत पाइप पाव किंवा अर्धा फेरा फिरतो. पुढच्या पकडीसाठी पान्हा काढावा लागतो. त्या क्षणी पीळ कोणी धरायचा? जाणत्या शटरवाल्यांचे उत्तर एकच असते : दुसऱ्या पान्ह्याने. पहिला धरून असताना दुसरा लावायचा, दुसऱ्याने भार घेतला की मगच पहिला सोडायचा. अमेरिकी दारांसाठी नेमक्या जाडीच्या दोन पोलादी सळया असतात आणि त्यांचाही नियम हाच. तेथे सळईऐवजी पेचकस खुपसणे हे अपघाताचे प्रसिद्ध कारण आहे. पीळ क्षणभरही बेवारस राहता कामा नये.

२४/
जुन्या शटरचा पीळ कमी-जास्त करायचा असेल तर शटर आधी पूर्ण वर नेऊन पक्के बांधतात. कारण साधे आहे : तेथे साठा सर्वांत कमी असतो. खाली पडलेल्या शटरचा क्लँप कोणी ढिला केला तर वरच्या उदाहरणातल्या शटरमध्ये दीड फुटी पान्ह्याच्या टोकावर सुमारे वीस किलोंचा जोर एकाएकी येतो, तोही शिडीवर उभ्या माणसाच्या हातावर. पान्हा निसटला तर त्याचे टोक मोठ्या वेगाने वर्तुळ काढते. म्हणून कारागीर दांड्याच्या वर्तुळात कधीच उभा राहत नाही. तो बाजूला उभा राहतो आणि चेहरा त्या रेषेबाहेर ठेवतो.

२५/
उरलेले नियम याच तत्त्वातून निघतात. शिडी पडद्याला टेकवायची नाही, भिंतीला टेकवायची. काम चालू असताना शटरखालून कोणालाही जाऊ द्यायचे नाही. सैल बाह्या आणि गळ्यातला रुमाल काढून ठेवायचा; डोळ्यांवर चष्मा हवा. पीळ देण्याआधी दिशा तपासायची, कारण उलट्या दिशेचा पीळ वेटोळी उघडतो आणि स्प्रिंग पकडीतून सुटू शकते. जोडीतली एक स्प्रिंग तुटली तर दुसरीनेही तेवढ्याच उघडझापी सोसलेल्या असतात, म्हणून दोन्ही एकदम बदलतात.

२६/
पीळ बरोबर बसला की नाही, याची कसोटी कोणालाही पाहता येते. शटर अर्ध्यावर आणून हळूच हात सैल करावा, पाय मात्र खाली ठेवू नयेत. पीळ नेमका असेल तर पडदा तेथेच थांबतो. तो धाडकन खाली आला तर पीळ कमी आहे. आपोआप वर पळाला तर जास्त. एका बाजूने तिरपा झाला तर कोठेतरी स्प्रिंग गेली आहे. ही कसोटी दुकानदाराची. त्यानंतरचे पाइपचे आणि क्लँपचे काम मात्र प्रशिक्षित कारागिराचे. हाताशी पान्हा आहे एवढ्यावर ते काम कोणी अंगावर घेऊ नये.

२७/
कायद्याने या धोक्याकडे कसे पाहिले? अमेरिकेत यांत्रिक दाराखाली लहान मुले चिरडून मरण पावल्यावर संसदेने १९९० मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती दार-यंत्रांना अडथळा लागताच उलट फिरण्याची सोय बंधनकारक झाली. ताणल्या जाणाऱ्या स्प्रिंगांच्या पोटातून सुरक्षा-दोरी नेण्याची पद्धतही रुळली, म्हणजे तुटलेला तुकडा उडून जाऊ नये. या उपायांनी दाराखालून जाणारा माणूस सुरक्षित झाला. पीळ देणाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः स्प्रिंगवर चिकटवलेली इशाऱ्याची चिठ्ठी आली.

२८/
महाराष्ट्राकडे ओझ्याविषयीचा एक मोठा कायदा आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीच्या पार्श्वभूमीवर १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा अधिनियम झाला. मालक आणि कामगार यांची मंडळाकडे नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, अशी घडी बसली. माथ्यावरच्या ओझ्याला प्रथमच कायद्याचा आधार मिळाला. हे ओझे डोळ्यांना दिसत होते; ते वाहणारे हजारो हात एकाच बाजारात एकत्र येत होते आणि म्हणून त्यांची संघटना होऊ शकली.

२९/
शटरवाल्याचे ओझे तसे दिसत नाही. तो एकटा किंवा एका मदतनिसासह येतो, तासाभरात काम उरकतो आणि पुढच्या गल्लीत जातो. त्याचे ज्ञान तोंडी चालते : अमुक उंचीला इतके फेरे, तमुक रुंदीला इतक्या स्प्रिंगा. गुरूने सांगितलेला आकडा चुकला तर पुस्तक काढून पाहायची सोय नसते. स्प्रिंगने ओझे नाहीसे केले, असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. हजारो दुकानदारांच्या पाठीवरचे रोजचे ओझे तिने उतरवले आणि त्याचा धोका गोळा करून शिडीवरच्या एका माणसाच्या मनगटावर ठेवला.

३०/
तंत्रज्ञानाच्या इतिहासात हा आकृतिबंध वारंवार दिसतो. सोय जितकी सर्वदूर पसरते, तितका तिचा धोका थोड्यांच्या वाट्याला आणि नजरेआड जातो. सुरक्षिततेचे उपाय येथे अवघड नाहीत : दोन पान्हे, एक भक्कम शिडी, मदतनीस, जुळणाऱ्या मापाची स्प्रिंग, आणि घाई न करण्याएवढी मजुरी. यातली शेवटची गोष्ट दुकानदाराच्या हातात असते. ‘पटकन करून दे, गिऱ्हाईक थांबलंय’ असे खालून सांगणारा माणूस नकळत दुसरा पान्हा काढून घेत असतो.

३१/
नवी मुंबईच्या पहिल्या पिढीतल्या गाळ्यांना आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. कित्येक शटरांच्या स्प्रिंगा बदलल्या गेल्या, आणि त्या बदलणारे पहिले कारागीर उतारवयाला लागले आहेत. शहराच्या इतिहासात पूल, स्थानके आणि आराखडे यांची नोंद झाली; पिळाचे फेरे मोजणाऱ्या हातांची झालेली नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ती अजून करता येईल. त्यासाठी दफ्तरखाना गाठायची गरज नाही. नाक्यावरच्या शटरच्या पत्र्यावर रंगाने लिहिलेला दुरुस्तीवाल्याचा नंबर हाच पहिला कागद आहे, आणि पहिला प्रश्नही तयार आहे : या शटरला फेरे किती, आणि ते तुम्हांला शिकवले कोणी?